पहिलं पिस्तूल घेण्याआधी हात बघा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या नेमबाजीच्या हॉलवर एक वडील मुलीला घेऊन आले. तासगावकडची माणसं. मुलगी आठवीतली, तेरा वर्षांची, हॉलवर यायला लागून जेमतेम तीन आठवडे झालेले. वडिलांनी मोबाईल पुढं केला. एका परदेशी एअर पिस्तुलाचा फोटो आणि खाली पावणेदोन लाखांचा आकडा. "मॅडम, हे घेऊन टाकू का? बेदाण्याचे पैसे आलेत हातात. आत्ता नाही घेतलं तर परत जमायचं नाही."

पिस्तूल चांगलंच होतं. पण मी मुलीला म्हटलं, "हात दाखव बघू." तिचा तळवा माझ्या तळव्यावर ठेवला. तिची बोटं माझ्या बोटांच्या शेवटच्या पेराखालीच संपत होती, आणि माझाच हात लहानातला. फोटोतल्या पिस्तुलाची ग्रीप, म्हणजे मूठ, मिडियम होती. तिची तर्जनी ट्रिगरपर्यंत पोचली असती, पण ओढूनताणून. त्या ओढूनताणून पोचणाऱ्या बोटानं माझी स्वतःची दोन वर्षं खाल्ली आहेत. म्हणून सविस्तर लिहिते.

मी मिरजेत एका शाळेत खेळ शिकवते आणि अकरा वर्षं १० मीटर एअर पिस्तूल मारते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून आमच्याकडं नवीन मुलामुलींची रीघ आहे. त्यातल्या निम्म्यांचे पालक पहिल्याच महिन्यात विचारतात, कुठलं पिस्तूल घेऊ?

आधी लायसन्सचं सांगते, कारण पिस्तूल म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं दचकतात. शस्त्र कायदा १९५९ चा, आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ इंच बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) आणि २० जूलपेक्षा जास्त ताकद नसलेलं एअर पिस्तूल लायसन्सशिवाय घेता येतं. स्पर्धेची सगळी एअर पिस्तुलं या मर्यादेच्या खूप आत बसतात. दुकानदार ओळखपत्र मागतो, ते द्यायचं. मूल लहान असेल तर खरेदी पालकांच्या नावावर करायची आणि बिल जन्मभर जपायचं. .२२ चं, म्हणजे काडतुसाचं, पिस्तूल मात्र लायसन्सशिवाय नाही, आणि लायसन्सला वय २१ पूर्ण लागतं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरमध्ये सुवर्ण जिंकलं ते .२२ पिस्तुलानं. ती वाट पुढची. तिथं जायचं असलं तरी सुरुवात हवेच्या पिस्तुलानंच करा. घराच्या राखणीसाठी रिव्हॉल्व्हर घेऊन त्यावरच नेम शिकू, असं म्हणणारेही येतात. त्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. नेम हजारो गोळ्या मारून येतो, आणि लायसन्सवर मिळणाऱ्या मोजक्या काडतुसांत तो येत नाही.

पहिले तीन-चार महिने काहीही विकत घेऊ नका. क्लबच्या पिस्तुलावर शिका. ते जुनं असेल, ग्रीपला दहा हातांचा घाम लागलेला असेल, तरी चालेल. या काळात तुम्हाला पिस्तुलाची नव्हे, तुमची स्वतःची माहिती गोळा करायची आहे.

पहिली माहिती डोळ्याची. दोन्ही हात पुढं करून तळव्यांच्या मधे रुपयाएवढं भोक ठेवा आणि त्यातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं घड्याळ दिसत राहतं तो तुमचा मुख्य डोळा. बहुतेक उजव्या हाताच्या माणसांचा उजवा असतो, पण सगळ्यांचा नाही. हात उजवा आणि डोळा डावा असेल तर प्रशिक्षकाशी आधी बोला. एअर पिस्तुलाच्या ग्रीपा उजव्या आणि डाव्या हाताच्या वेगळ्या येतात. ग्रीप घेऊन झाल्यावर हात बदलायचा म्हणजे नवा खर्च.

दुसरी माहिती खांद्याची. एक लिटरची पाण्याची बाटली भरा. ती साधारण एक किलो, म्हणजे एका एअर पिस्तुलाएवढी. हात सरळ करून खांद्याच्या रेषेत धरा आणि वीस सेकंद मोजा. खाली ठेवा, अर्धा मिनिट थांबा, परत उचला. असं तीस वेळा. सामन्यात ६० गोळ्या ७५ मिनिटांत मारायच्या असतात, त्याआधी १५ मिनिटं तयारीची आणि साइटिंगची, म्हणजे नेम जुळवून बघायच्या गोळ्यांची. उचलून, मनासारखं न दिसल्यामुळं न मारताच परत खाली ठेवलेले हात धरले तर शंभराच्या वर उचलणं होतं, आणि तेही एकाच हातानं. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. पूर्वी बायकांचा सामना ४० गोळ्यांचा असायचा, २०१८ पासून आमच्याही ६० झाल्या. मी चाळीसच्या काळात सुरुवात केली आणि साठच्या काळात खांदा नव्यानं घडवला, म्हणून बाटलीचा एवढा आग्रह धरते. तिसाव्या उचलीला बाटली लटलटा हलायला लागली तर तुमच्यासाठी हलकं, आखूड मॉडेल. नियमानं पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं, पण बाजारातली बरीचशी ९०० ग्रॅम ते एक किलोच्या आसपास असतात, आणि बऱ्याच कंपन्या मुलांसाठी आणि लहान चणीच्या माणसांसाठी कॉम्पॅक्ट रूप काढतात.

आता ग्रीप. माझ्या मते पहिल्या पिस्तुलाचा निम्मा निर्णय इथंच होतो, आणि लोक दुकानात यावर सगळ्यात कमी वेळ घालवतात.

मी पहिलं पिस्तूल घेतलं ते मोठ्या शहरातल्या एका दुकानातून. मिडियम ग्रीप होती. मी विचारलं, माझ्या हाताला मोठी होत नाही का? उत्तर आलं, वापरून सवय होईल. मी विश्वास ठेवला. पुढं दोन वर्षं माझ्या गोळ्या डावीकडं जात राहिल्या, घड्याळाच्या आठ-नऊच्या काट्याकडं. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, उजवीकडं फिरवली की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. मला वाटायचं मी घाबरते, मन स्थिर नाही. मी पहाटे उठून ध्यानाला बसायला लागले. खरं कारण एवढंच होतं की माझ्या बोटाचं फक्त टोक ट्रिगरला लागत होतं. टोकानं दाबलं की ट्रिगर सरळ मागं येत नाही, पिस्तूल किंचित डावीकडं ढकललं जातं.

किंचित म्हणजे किती, याचा हिशोब प्रत्येक नवख्यानं एकदा कागदावर मांडावा. नळीच्या टोकावरची नेमाची माशी आणि मागच्या साइटची खाच यांच्यात साधारण ३० सेंटिमीटर अंतर धरा. कार्ड, म्हणजे नेमाचे गोल छापलेला कागद, १० मीटरवर. म्हणजे माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली तर कार्डावर गोळी ३३ मिलिमीटर बाजूला जाते. कार्डावरचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटर व्यासाचा आहे, आणि पुढची प्रत्येक रिंग आठ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे त्या एका मिलिमीटरनं दहाचा सहा होतो. उलट अख्खा हातच माशी-खाच जुळलेल्या स्थितीत एक मिलिमीटर सरकला, तर गोळीही एकच मिलिमीटर सरकते आणि दहा दहाच राहतो. हात सगळ्यांचा हलतो. हलणाऱ्या हातातही माशी आणि खाच एका रेषेत राहणं महत्त्वाचं, आणि ती रेषा मनगटाच्या जोरावर टिकत नाही. ती ग्रीप टिकवते.

माझी ग्रीप शेवटी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सुधारली. आमच्या शाळेच्या तंबोऱ्याची खुंटी बसवायला मी तिथं एका कारखान्यात गेले होते. या गल्लीतल्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रं घडवणारे, त्यांना धार लावणारे. १८५० च्या सुमारास ते तंतुवाद्यांकडं वळले, आणि आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. तिथले एक चाचा जवारी काढत, म्हणजे तारेचा नाद जुळवत, बसले होते. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, परत कानस. मी बोलता बोलता माझ्या ग्रीपचं रडगाणं सांगितलं. ते म्हणाले, "घेऊन या की ते लाकूड. हत्यार नको, नुसती मूठ आणा."

दुसऱ्या दिवशी मी ग्रीप स्क्रू काढून नेली. चाचांनी वाटीत गेरू कालवला, माझ्या तळव्याला आणि बोटांना पातळ लावला. "आता धरा मॅडम, रोज धरता तसं. दाबू नका, हलवू नका." मी धरलं आणि सोडलं. अक्रोडाच्या लाकडावर तांबडे ठसे उठले. अंगठ्याच्या गादीखाली एक मोठा ठसा, करंगळीखाली एक, आणि मधे तळव्याच्या खोलगटात काहीच नाही, कोरं लाकूड. मधल्या बोटाचा ठसा तर नुसता पेराच्या कडेचा. चाचा बराच वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "हात तुमचा तीन जागी टेकतोय, बाकी सगळा हवेत आहे. गोळी कुठं जाईल?"

त्यांनी लगेच घासायला घेतलं नाही. आधी तळव्याच्या खोलगटाला भर दिली, लाकडाचा बारीक भुसा फेविकॉलमध्ये मळून. ती रात्रभर वाळवली. मग अंगठ्याखालचा उंचवटा कानशीनं उतरवला आणि तर्जनीमागची बाजू पातळ केली, म्हणजे बोट पुढं सरकायला जागा झाली. प्रत्येक वेळी गेरू, ठसा, दोन हात कानस, परत गेरू. तीन संध्याकाळी गेल्या. "काढलेलं लाकूड परत येत नाही," हे ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटी ठसा सलग उठला आणि माझ्या तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर आपोआप जाऊन बसली. पंधरा दिवसांत गोळ्या मधे आल्या. त्या तीन संध्याकाळचे पैसे घ्यायला ते तयार नव्हते. मी गणपतीत त्यांच्या नातवंडांसाठी मोदक नेऊन दिले.

तर दुकानात किंवा कुणाचं पिस्तूल बघायला गेलात की हे करा. पिस्तूल रिकामं आहे याची स्वतः खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला. ग्रीप हातात घ्या, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात ती जितकी वर बसेल तितकी वर बसवा. पकड मधल्या बोटाची आणि अनामिकेची, करंगळी नुसती सोबतीला. तर्जनीची कड लाकडाला घासायला नको, मधे कागद जाईल एवढी फट हवी. आता डोळे मिटा. हात उचला, कार्डाच्या उंचीला आणा, आणि मग डोळे उघडा. माशी खाचेच्या मधोमध दिसते का? दहा वेळा करा. दहातल्या सात-आठ वेळा मधे दिसली तर ती ग्रीप तुमची. दर वेळी उजव्या कडेला दिसली, किंवा खाली बुडाली, तर ती ग्रीप तुमचं मनगट वाकवायला लावते आहे. बऱ्याच पिस्तुलांत ग्रीपचा कोन आणि ट्रिगरचं अंतर स्क्रूनं पुढंमागं करता येतं. विकणाऱ्याला तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. एवढ्या किमतीच्या वस्तूसाठी हे सांगायला संकोच करायचा नाही.

माप शंकेचं असेल तर लहान घ्या. मोठ्या ग्रीपचं लाकूड उतरवत गेलं की एका ठिकाणी खालचा धातू लागतो. लहान ग्रीपला भर घालता येते. दोन इशारे मात्र लक्षात ठेवा. ग्रीप मनगटाला आधार देईल अशी वाढवायची नाही, मनगट मोकळं दिसलं पाहिजे. आणि तळव्याखालचा आडवा फळीसारखा भाग, त्याचा ग्रीपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी करायचा नाही. स्पर्धेत साहित्य तपासणीला हे बघतात. आमच्या हॉलवरच्या एका मुलाला ऐन तपासणीच्या रांगेत उभं राहून पॉलिश पेपरनं ग्रीप घासावी लागली होती, आणि त्या घासण्यानं त्याची पकड बदलली ती बदललीच.

ट्रिगर. नियमानं एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. तपासताना नळी उभी धरतात आणि ट्रिगरला वजन लटकवून उचलतात. वजन उचललं जाऊनही ट्रिगर सुटला नाही तर पास. नवख्यानं ५०० च्या काठावर ठेवू नये, थोडा जडच ठेवावा, नाहीतर तयारी नसताना गोळी सुटते आणि बोटाला भीती बसते. ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला मऊ, बोट मागं येत येत एका जागी टेकतं. तिथून दुसरा टप्पा, त्यात बोटाला काही हललेलं जाणवता कामा नये, काचेची पातळ काडी मोडल्यासारखं सुटलं पाहिजे. दुसऱ्या टप्प्यात ओढल्यासारखं, चिखलातून पाय काढल्यासारखं वाटलं तर ते पिस्तूल सोडा, कितीही स्वस्त असलं तरी. आणि त्यात ड्राय फायरची सोय आहे का हे नक्की विचारा, म्हणजे हवा न उडवता, गोळी न भरता ट्रिगर चालवता येतो का. घरी रात्री कोऱ्या भिंतीसमोर रोज पन्नास ड्राय, हा सराव फुकट आहे आणि माझ्या अनुभवात गोळ्यांच्या सरावाएवढाच गुणकारी आहे.

ट्रिगर मेकॅनिकल घ्यायचा की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक सुटतो सुरेख. पण पहिल्या पिस्तुलाला मी मेकॅनिकलच सुचवते. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या ऐन पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. पॅरिसला २०२४ मध्ये तिनं त्याच प्रकारात कांस्य मिळवलं आणि सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिकमध्ये आणखी एक. तिच्यासोबत प्रशिक्षक असतात, सुटे भाग असतात, तरी इतका वेळ जातो. सांगलीत शनिवारी संध्याकाळी तुमचं सर्किट बंद पडलं तर काय कराल, याचा विचार करूनच ठरवा. मेकॅनिकलचा स्क्रू-स्प्रिंगचा मामला थोडं शिकलं की आपल्याला हाताळता येतो.

हवा कुठून येते त्यावर पिस्तुलांचे तीन प्रकार पडतात. स्प्रिंगचं सगळ्यात स्वस्त. नळी मोडून स्प्रिंग ताणायची. यात गोळी नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला जड पिस्टन पुढं धावतो आणि पिस्तूल हातात उसळतं. मजेसाठी ठीक, पण नवख्याला चूक आपली की स्प्रिंगची ते कळत नाही. स्टीलच्या गोल छऱ्यांची, छोट्या गॅसच्या नळकांड्यावर चालणारी, खऱ्या पिस्तुलासारखी दिसणारी जी मिळतात ती तर स्पर्धेच्या वाटेला जाऊच देत नाहीत. नुसतं दिसणं पोलिसी पिस्तुलाचं, आणि तेच त्यांचं धोक्याचं लक्षण.

दुसरा प्रकार एका दांड्याचा. बाजूची किंवा खालची दांडी एकदा पूर्ण उघडून मिटली की एका गोळीपुरती हवा दाबली जाते. सिलिंडर नाही, पंप नाही, उसळी जवळजवळ नाही. रशियातल्या इझेव्हस्कचं बैकल हे जुनं, खडबडीत, पण नेम सच्चा असलेलं पिस्तूल याच प्रकारातलं. आमच्या हॉलवर असं एक आहे, त्यावर कित्येक पोरं शिकली. अडचण एकच, दर गोळीला दांडी ओढायला जोर लागतो. साठ गोळ्यांना साठ वेळा. नेमाच्या हाताला तो भार न देता दुसऱ्या हातानं ओढायला शिका. बारा-तेरा वर्षांच्या सडपातळ मुलांना मात्र हे जड जातं.

तिसरा प्रकार सिलिंडरचा, आणि आज स्पर्धेत सगळीकडं हाच. स्टेयर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्डिनी ही नावं तुमच्या कानावर येतील. हॅमेर्लीचं एपी २० हे त्यातलं नवख्यांसाठी काढलेलं, हलकं आणि तुलनेनं स्वस्त. नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबानं हवा भरलेली असते आणि एका भरणीत पूर्ण सामना सहज निघतो. नावांवरून वाद घालत बसू नका. यातलं कुठलंही चांगल्या स्थितीतलं पिस्तूल शिकाऊ हातापेक्षा कितीतरी बारीक नेम मारतं. बघायचं ते हे की हवा कुठं भरणार. हॉलवर मोठी टाकी असेल तर प्रश्न मिटला. हातपंपानं भरणार असाल तर पावसाळ्यात काळजी घ्या. आपल्याकडची जुलैतली दमट हवा सिलिंडरमध्ये पाणी सोडते, म्हणून ओल अडवणारा फिल्टर असलेलाच पंप घ्या.

सिलिंडरची मुदत तपासायला बहुतेक लोक विसरतात. बऱ्याच कंपन्या ती १० वर्षांची धरतात आणि बनवल्याची तारीख सिलिंडरवर कोरलेली असते. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि चालू दिलं तरी हातात घेऊ नये. २०० बार दाब तुमच्या मनगटाच्या पुढं असतो.

यावरून जुन्या पिस्तुलांकडं येते, कारण पहिलं पिस्तूल जुनं घ्यायला माझी पूर्ण संमती आहे. कोल्हापूर जवळ आहे, पुण्याला बालेवाडीत स्पर्धेला गेलं की विकणारे भेटतात. रायफलकडं वळलेली, नोकरीला लागलेली, लग्न होऊन गेलेली पोरं आपली पिस्तुलं काढतात. बघायला एकटे जाऊ नका. आधी सिलिंडरची तारीख. मग मालकाला विनंती करा की सिलिंडर भरून पिस्तुलावर लावून रात्रभर ठेवा, आणि संध्याकाळचा आणि सकाळचा काटा फोटो काढून पाठवा. काटा उतरला असेल तर सील गेलं आहे. सील फार महाग नसतं, पण किमतीत ते धरून बोला. ट्रिगरला वजन लावून बघा. मागची साइट फिरवताना प्रत्येक टिचकी स्पष्ट वाजली पाहिजे. टेबलावर उशी ठेवून, दोन्ही हातांनी आधार देऊन एका कार्डावर पाच गोळ्या मारा. एकमेकींना चिकटून एकच भोक पडलं पाहिजे. ते कार्डाच्या कुठल्याही कोपऱ्यात पडलं तरी हरकत नाही, साइट नंतर लावता येते. आणि ग्रीप आधीच्या मालकाच्या हातानुसार कोरलेली असेल तर नवी ग्रीप धरूनच हिशोब करा. कोरलेली ग्रीप बुटांसारखी दुसऱ्याच्या पायाची असते. मूळ बिल मागा. बिल नसलेलं पिस्तूल मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊ देत नाही.

गोळ्यांवर डोकं फार तापवू नका. सपाट तोंडाच्या, ४.५ मिलिमीटरच्या, ५०० च्या डबीतल्या मॅचच्या गोळ्या घ्या. सपाट तोंडामुळं कार्डाला स्वच्छ गोल भोक पडतं. ४.४९ की ४.५० हा प्रश्न तुमचा स्कोअर ६०० पैकी ५५० च्या वर गेल्यावर विचारा. त्या शिशाच्या असतात. साबणानं हात धुतल्याशिवाय डब्याला, भडंगाच्या पुडीला हात लावायचा नाही, हा आमच्या हॉलवरचा पक्का नियम आहे.

घरी पिस्तूल कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, नळीत, रिकामं असल्याची खूण म्हणून, रंगीत सेफ्टी दोरी. एसटीत किंवा रेल्वेत नेताना पेटीत बंद, सोबत बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र. गच्चीवर, शेतात, मित्रांना दाखवायला पेटी उघडायची नाही. लांबून बघणाऱ्याला ते हवेचं आहे हे कळत नाही. आणि सांगलीकरांनो, पेटी तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले तेव्हा माझ्या एका मैत्रिणीचं पिस्तूल खालच्या कपाटात होतं. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर फोममध्ये गाळ भरलेला. नळी वाचली, ट्रिगरच्या आतले भाग गंजून गेले.

त्या तासगावच्या मुलीचं अजून घेतलेलं नाही. वडिलांनी पैसे बँकेत ठेवले. आधी थोडे नाराज होते, मग रोज संध्याकाळी बाटली उचलताना मुलगी मोजते तेव्हा तेच शेजारी बसून सेकंद मोजायला लागले. आता तिची तिसावी उचल पहिलीइतकी स्थिर असते. हात थोडा वाढलाय, तरी ग्रीप स्मॉलच लागेल. येत्या रविवारी आम्ही तिघं कोल्हापूरला एक वापरलेलं कॉम्पॅक्ट बघायला जाणार आहोत. सिलिंडरची तारीख फोनवर विचारून झाली आहे, अजून चार वर्षं शिल्लक आहेत. पिशवीत अर्ध्या किलोचं वजन, दोरी, पाच कोरी कार्डं आणि चाचांनी कागदात बांधून दिलेला गेरू ठेवलाय.